वीणा खाली ठेवायची नाही

वारकरी संप्रदायात पुढारी हा शब्द आपण सहसा वापरीत नाही. आपल्याकडे विणेकरी आहेत, दिंडीचे प्रमुख आहेत, फडाचे मालक आहेत, गावच्या सप्ताहाचे चालक आहेत, देवळाचे विश्वस्त आणि भजनी मंडळाचे बुवा आहेत. नावे निराळी, पण अर्थ एकच. ज्याने एक पवित्र हेतू मनाशी धरला आहे आणि त्या हेतूपायी चार माणसांचा भार ज्याच्या खांद्यावर येऊन पडला आहे, असा वारकरी. अशा मंडळींच्या तोंडून एक प्रश्न हल्ली वारंवार ऐकू येतो. ते म्हणतात, "महाराज, रोजचे काम उरकता उरकत नाही. पुढच्या वर्षांचा विचार करायला सवड मिळत नाही. आणि या दोहोंत स्वतःची प्रकृती सांभाळणे तर दूरच, हरिपाठसुद्धा कुणाशी बोलता बोलता मनात म्हणावा लागतो. या तिन्ही गोष्टी एका दिवसात बसवायच्या कशा? आणि बसत नसतील तर सोडायची कोणती?"

प्रश्न वरवर वेळेचा दिसतो. तसा तो असता तर एक वेळापत्रक लिहून भिंतीला चिकटवले की सुटला असता. परंतु तो तसा सुटत नाही, कारण त्याच्या पोटात धर्माची शंका दडलेली आहे. ती शंका दुहेरी आहे. पहिली अशी, की भक्ताचा योगक्षेम भगवंत वाहतो असे आपणच कीर्तनातून सांगतो. मग उद्याची तरतूद करणे हा त्या वचनावरचा अविश्वास नव्हे काय? दुसरी अशी, की संतांनी लोकांसाठी चंदनासारखा देह झिजवला. मग त्यांच्या मार्गावर चालणाऱ्याने आपली झोप, आपले जेवण, आपले औषध यांचा विचार करणे हा स्वार्थ नव्हे काय? या दोन शंका मनात असल्या म्हणजे माणूस आजच्या कामात स्वतःला जुंपून घेतो. आणि त्यालाच निष्ठा समजतो. म्हणून आधी शंकांचा परिहार करू, वेळेचे मग पाहू.

आजच्या कामापासूनच आरंभ करावा. शास्त्रात नित्यकर्म म्हणून एक वर्ग सांगितला आहे. ते केल्याने फार मोठे पुण्य पदरी पडते असे नाही, पण टाळल्याने दोष लागतो. दिंडीप्रमुखाचे रोजचे काम या जातीचे आहे. काकड्याला माणसे उठली का, आचाऱ्याला शिधा वेळेवर मिळाला का, पाण्याचा टँकर आला का, कोणा म्हातारबाबांचा पाय सुजला आहे त्यांना गाडीत जागा झाली का, भिशीचे पैसे किती जमले आणि किती खर्चले. यात कीर्ती नाही, पण यात चूक झाली तर दोनशे माणसांची संध्याकाळ बिघडते. नाथमहाराजांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैची चूक राहिली, आणि ती सापडेपर्यंत नाथ रात्रभर दिवा लावून बसले. त्या कथेतून स्वामींनी पुढे काय बोध केला ते कीर्तनात नेहमी येते. मला येथे एवढेच सांगायचे, की ज्या पुरुषाने पुढे डोंगराएवढे ग्रंथ लिहिले, त्याने दुसऱ्याच्या पैशातली एक पैसुद्धा उद्यावर टाकली नाही.

परंतु आजच्या कामात एक खोड आहे. ते ओरडते. उद्याचे काम मुके असते आणि आपला स्वतःचा देह तर फार दिवस सोसून मग एकदम बोलतो. जो ओरडतो त्याच्याकडे माणूस आधी धावतो, हे स्वाभाविक आहे. त्यात आता खिशात मोबाईल आला. तंबूची दोरी तुटली तरी प्रमुखाला फोन, भाजीत मीठ कमी पडले तरी प्रमुखाला फोन. दिवसभर फोन वाजत राहिला म्हणजे आपण फार उपयोगी आहोत असे वाटू लागते. बरं का, ही गोड लागणारी भूल आहे. नित्यकर्माचा नियम असा, की ते ज्याचे त्याने करावे. दुसऱ्याचे नित्यकर्म आपण ओढून घेतले तर त्याचा अधिकार बुडतो आणि आपला वेळ बुडतो. म्हणून रोज सकाळी एक प्रश्न स्वतःला विचारावा. आजच्या कामांपैकी माझ्यावाचून अडेल असे कोणते? प्रामाणिकपणे मोजले तर अशी कामे दोन-चारच निघतात. बाकीची दुसऱ्या कोणाला सांगता येतात, शिकवता येतात, सोडता येतात.

आता उद्याचा विचार. येथे पहिली शंका उभी राहते. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी योगक्षेमाचा भार उचलला आहे, हे खरे. आचार्यांनी त्या शब्दाची फोड केली आहे ती अशी, की जे मिळालेले नाही ते मिळवणे हा योग आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण करणे हा क्षेम. पण हे आश्वासन ज्या अर्जुनाला दिले त्याला भगवंतांनी "तू आता रथात नीज" असे सांगितले का? नाही. लगाम देवाने हाती घेतला, धनुष्य मात्र अर्जुनाच्याच हाती ठेवले. तात्पर्य, देव भार वाहतो तो आपल्या हातांतून वाहतो. हात आवरून घेऊन देवाची वाट पाहणे ही श्रद्धा नव्हे, तो आळस आहे आणि त्यावर श्रद्धेची शाल पांघरलेली आहे.

आपल्याच संप्रदायात पाहा. आज माउलींची पालखी ज्या शिस्तीने चालते, ती शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली. ते शिंद्यांच्या पदरी राहिलेले लष्करातले गृहस्थ. त्यांनी भक्तीला लष्कराची व्यवस्था दिली. मुक्काम कोठे, रथापुढे कोण, रथामागे कोण, घोडा केव्हा, आरती केव्हा, हे सारे ठरवले. त्यांच्या नावची पायरी आळंदीला महाद्वारात आहे आणि तिची पूजा होते. तो गृहस्थ जाऊन पावणेदोनशे वर्षे तरी होत आली, पण संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंच केला की लाखांचा समुदाय अजून स्तब्ध होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते आणि तिचे म्हणणे ऐकले जाते. उद्याचा विचार म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण विष्णुबुवा जोगांचे. जोगमहाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि 1920 साली त्यांनी देह ठेवला. म्हणजे लावलेल्या झाडाची सावली त्यांना तीनच वर्षे मिळाली. कीर्तन-प्रवचन हे त्यांचे रोजचे काम होतेच, आणि त्यांच्या वाणीची ख्याती एवढी होती की तेवढ्यावर त्यांना आयुष्य सुखाने घालवता आले असते. पण आपण गेल्यावर ज्ञानेश्वरी कोण सांगेल, हा विचार त्यांनी केला. चार वर्षांचा अभ्यासक्रम आखला, विद्यार्थी गोळा केले. पुढे बंकटस्वामी, सोनोपंत दांडेकर यांच्यासारखी मंडळी तो वारसा चालवायला उभी राहिली. 2017 साली त्या संस्थेला शंभर वर्षे झाली. आज गावोगावच्या सप्ताहात जे तरुण कीर्तनाला उभे राहतात, त्यांतले कितीतरी तेथून शिकून आलेले असतात.

यावरून उद्याच्या विचाराची कसोटी सांगता येते. आपल्या योजनेतून आपले नाव पुसून पाहावे. पुसल्यावरही ती योजना करावीशी वाटली तर ती सेवा. नाव पुसताच उत्साह मावळला तर ती हाव. पंढरपुरात आपल्या दिंडीची धर्मशाळा व्हावी ही इच्छा चांगली आहे, पण तिच्या दारावरची पाटी आधी डोळ्यांपुढे येत असेल आणि आतली मोरी मागून, तर थोडे थांबावे. गाडगेमहाराजांचे उदाहरण महाराष्ट्रापुढे आहे. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन, हे त्यांचे रोजचे काम. आणि तेच करता करता त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. कारभार विश्वस्तांच्या हवाली केला आणि स्वतः मडके, काठी आणि चिंध्यांचे वस्त्र एवढ्यावर राहिले. 20 डिसेंबर 1956 रोजी ते गेले. त्यांच्यामागे खराटाही राहिला आणि धर्मशाळाही राहिल्या.

आता तिसरी गोष्ट, स्वतःची. येथे शंका सर्वांत तीव्र आहे, कारण त्यागाचे वेड हे आपल्या संप्रदायाचे भूषण आहे आणि भूषणाला हात लावलेला कोणाला आवडत नाही. म्हणून मी माझ्या पदरचे काही न सांगता महाभारतातला एक प्रसंग सांगतो.

द्रोणपर्वातला युद्धाचा चौदावा दिवस. अभिमन्यू आदल्या दिवशी पडलेला. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. जयद्रथ कौरवसेनेच्या पार मागे लपवलेला. मध्ये द्रोणाचार्यांचा व्यूह. सूर्य कोणासाठी थांबत नाही. श्रोतेहो, ज्याच्यापुढे एवढे काम आणि एवढा थोडा वेळ आहे त्याने काय करावे? आपण म्हणू, घोडे फेसाळले तरी हाकावे, मेले तरी बेहत्तर. पण व्यासांनी काय लिहिले आहे ते पाहा. घोडे बाणांनी विद्ध झाले आहेत, थकले आहेत, हे अर्जुनाच्या ध्यानात आले, आणि घोडे सोडावे असे त्यानेच सुचवले. भगवंतांनी मान डोलावली. अर्जुनाने बाणाने भूमी भेदून पाणी काढले, बाणांचाच निवारा केला. आणि प्रत्यक्ष श्रीकृष्णाने भर रणांगणात घोडे सोडून त्यांच्या अंगातले बाण उपटले, हाताने त्यांना चोळले, लोळू दिले, पाणी पाजले, चारा घातला आणि मग ते पुन्हा रथाला जुंपले.

आणि अर्जुन तेवढा वेळ काय करीत होता? तो सावलीत बसला नाही. रथाखाली उतरून, जमिनीवर उभा राहून, एकट्याने चहूकडची सेना थोपवीत होता. म्हणजे पाहा, तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. समोरची सेना थोपवणे हे आजचे काम. जयद्रथ हा दूरचा हेतू. घोड्यांना पाणी पाजणे हे स्वतःच्या साधनाचे रक्षण. कठोपनिषदात शरीराला रथ आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे हे घोडे कोणाचे ते निराळे सांगायला नको. त्या घटकेला घोडे सोडले म्हणूनच रथ जयद्रथापर्यंत पोचला. विसावा घेतल्याने प्रतिज्ञा मोडली नाही, उलट विसाव्यामुळे ती पुरी झाली. आणि ही सेवा करायला देवाला कमीपणा वाटला नाही. मग आपला रक्तदाब तपासून घ्यायला, वेळेवर गोळी घ्यायला आपल्याला का वाटावा?

पालखीच्या वाटेवर हेच शहाणपण आपल्या वाडवडिलांनी रुजवून ठेवले आहे. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. या वाटेवर ठायी ठायी विसावा ठरलेला आहे. सकाळचा विसावा, दुपारचे भोजन, तिसऱ्या प्रहरचा विसावा. पुण्यात दोन मुक्काम. पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला जायची लांबची मजल झाली, की तेथे पुन्हा दोन मुक्काम. हे विसावे कोणी थकला म्हणून घेत नाही, ते आधीपासून ठरलेले असतात. तरणाबांड गडीसुद्धा तेथे थांबतो. आणि दिवेघाटात रथाला जादा बैलजोड्या जोडतात, तेव्हा रथाच्या मूळच्या बैलांची निष्ठा कमी पडली असे कोणी म्हणत नाही. घाट आहे, चढ आहे, जास्त खांदे लागणारच. बैलांच्या बाबतीत आपल्याला जे कळते ते माणसांच्या बाबतीत कळू नये, हे नवल आहे.

ज्यांना हे कळले नाही त्यांचे काय होते, याचे एक उदाहरण माझ्या पाहण्यातले आहे. नावगाव सांगत नाही. एका दिंडीचे प्रमुख, अतिशय निःस्वार्थी गृहस्थ. तीस वर्षे दिंडी चालवली. कोणत्या गावी कोणाचे रान मुक्कामाला मिळते, कोणत्या दुकानदाराची किती उधारी, कोणत्या वारकऱ्याने किती भिशी भरली, सारे त्यांच्या डोक्यात. वही नाही. त्यांना साखरेचा आजार. पायाला जखम झाली ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. अनवाणी चालत राहिले आणि एके दिवशी ताप भरून रस्त्यात कोसळले. त्यांना दवाखान्यात नेले. संध्याकाळी दोनशे माणसे रस्त्याच्या कडेला उभी. पुढचे रान कोणते, ठाऊक नाही. पीठ कोठून यायचे, ठाऊक नाही. त्या रात्री शेजारच्या दिंडीने घास वाढला म्हणून निभावले. गृहस्थ वाचले, देवाची कृपा. पण विचार करा, त्यांनी देह झिजवला हे खरे असले तरी त्या झिजण्याचा उपयोग दिंडीला झाला का? ते लपवीत होते ती नुसती जखम नव्हती. आपल्यावाचून चालेल ही गोष्टही ते स्वतःपासून लपवीत होते. चंदन झिजते ते दुसऱ्याच्या कपाळी लागण्यासाठी. सहाणेवर उगाच घासत बसले तर गंधही नाही आणि खोडही नाही. पुढच्या वर्षी त्यांनी तीन वह्या केल्या आणि तीन माणसांच्या हाती दिल्या. अर्धी वाट गाडीत बसून आले. दिंडी नीट चालली. लोकांचे त्यांच्यावरचे प्रेम कणभरही उणे झाले नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर या लेखाचा आधार घेऊन कोणी गादी-तक्क्यावर लोळेल. गीतेच्या सहाव्या अध्यायात जेवण आणि झोप यांचे प्रमाण सांगताना अति खाणे आणि मुळीच न खाणे, अति झोपणे आणि सतत जागणे, या सर्वांनाच दोष दिला आहे. तेव्हा विसाव्यालाही माप हवे. ते माप असे, की जो विसावा चारचौघांत सांगून घेता येतो तो धर्म्य. जो सबब सांगून घ्यावा लागतो तो संशयाचा. आणि त्याहून मोठी कसोटी म्हणजे, आपल्या विसाव्याची किंमत कोण देते? पहाटे तीन वाजता स्वयंपाकाच्या पालात चूल पेटवणारी माउली, रात्री अकरा वाजता भांडी घासून उठणारी माउली, तिच्या विसाव्याची वेळ आपल्या कार्यक्रमपत्रिकेत छापली आहे का? नसेल, तर प्रमुखाने आपल्या प्रकृतीची काळजी घेण्याआधी तिची घ्यावी. अर्जुनाने घोडे सोडले ते आपण पायी उभे राहून. दुसऱ्याला पायी उभे करून स्वतः सावलीत बसला असता तर व्यासांनी तो प्रसंग एवढ्या कौतुकाने लिहिला नसता.

स्वतःला सांभाळणे म्हणजे नुसते शरीर सांभाळणे नव्हे, हेही विसरता कामा नये. पुढारपणाने एक फार सूक्ष्म नुकसान होते. दुसऱ्यांच्या नामस्मरणाची व्यवस्था करता करता आपले नामस्मरण राहून जाते. कीर्तन चालू असते आणि प्रमुख मंडपाच्या मागे वीजवाल्याशी बोलत असतो. वर्षानुवर्षे असे झाले म्हणजे माणूस देवाचा कारभारी राहतो, भक्त राहत नाही. आणि कारभाऱ्याचा जीव एक दिवस कारभाराला विटतो. म्हणून प्रत्येक प्रमुखाने रोज एक घटका तरी अशी ठेवावी की त्या वेळी तो कोणाचाही प्रमुख नाही. मागे, गर्दीत, जमिनीवर बसून दुसऱ्याचे कीर्तन ऐकावे. टाळ हाती घ्यावा आणि दुसऱ्याच्या चालीवर वाजवावा. तेथून जे बळ मिळते तेच उद्याच्या धावपळीला पुरते.

आता कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण ज्या रात्री मुसळधार पाऊस पडून पाल कोसळते, कोणी वारकरी छातीत दुखते म्हणून कण्हतो, त्या रात्री विसाव्याचे माप घेऊन बसायचे का? नाही, मुळीच नाही. त्या रात्री जागावे, उपाशी राहावे, चिखलात उभे राहावे. धर्मशास्त्रात आपद्धर्म म्हणून जो विचार आहे तो याच प्रसंगांसाठी. पण आपद्धर्माला मर्यादा आहे. आपत्ती टळली की तो संपतो, आणि माणसाने आपल्या नित्य धर्मावर परत यायचे असते. आपली चूक होते ती ही, की आपण रोजच आपत्काळ चालू आहे असे मानतो. जी दिंडी दर दिवशी आपत्काळात असते, तेथे पावसाचा दोष नाही, व्यवस्थेचा आहे. एखादी रात्र जागलात तर दुसऱ्या दुपारी ती झोप परत करा. देहाची उधारी ठेवू नये. तो सावकार व्याज फार लावतो.

मग दिवसाची मांडणी कशी करावी? ज्याने त्याने आपल्या शक्तीप्रमाणे करावी, पण एक सोपी वहिवाट सुचवतो. सकाळचा पहिला वेळ, फोन हाती घेण्यापूर्वीचा, आपला स्वतःचा. त्यात स्नान, नित्यनेम, औषध आणि चार घास. नंतरचा दिवस आजच्या कामाचा, त्यातही आपल्यावाचून अडणारी दोन-चार कामे आधी. आणि उद्याच्या विचारासाठी एकादशी. पंधरा दिवसांनी एकादशी येते. त्या दिवशी चुलीचे काम थोडे कमी असते, मन थोडे हलके असते. दोन जाणत्या माणसांना आणि एका तरुणाला जवळ बसवून तासभर पुढच्याच गोष्टी बोलाव्यात. पखवाज शिकणारी मुले किती आहेत? हिशेबाच्या वह्या कोणाला कळतात? पाच वर्षांनी ही दिंडी कोण चालवील? वर्षाला चोवीस एकादशा. त्यांतल्या वीस जरी साधल्या तरी वर्षाकाठी वीस तास उद्याला मिळाले. आज बहुतेकांचा उद्या एका तासावाचून उपाशी आहे.

या सर्वांचे सार आपल्या वीणेत आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा एकदा गळ्यात घेतली की सात दिवस ती खाली टेकायची नाही, हा नियम आपण प्राणापलीकडे जपतो. पण सात दिवस ती एकाच्याच गळ्यात असते का? नाही. पहारे ठरलेले असतात. एकाचा पहारा संपतो, दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि नाम न थांबता वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. मी अधिक भक्तिमान आहे म्हणून सातही दिवस मीच वीणा धरतो, असे कोणी म्हणू लागला तर आपण त्याला भक्तिमान म्हणणार नाही. तिसऱ्या रात्री त्याच्या हातून वीणा पडेल, आणि अखंड म्हणून जे मांडले ते त्याच्याच हट्टाने खंडित होईल. वीणा खाली न ठेवणे हे आजचे काम. पुढचा पहारेकरी वेळेआधी जागा करून तयार ठेवणे हा उद्याचा विचार. आणि आपला पहारा संपला की निमूटपणे जाऊन झोपणे हा आपला विसावा. तीन कामे दिसतात, पण नियम एकच आहे.

नाथमहाराजांनी रोजचा प्रपंच, रोजचे कीर्तन, रोजचे अतिथी सांभाळून शके 1495 मध्ये काशीला एकादशस्कंधावरची टीका पुरी केली आणि शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पण भावार्थरामायण त्यांच्या हातून पुरे झाले नाही. युद्धकांडाच्या मध्यावरच लेखणी थांबली आणि पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने लिहिला. परंपरा सांगते की हा गावबा पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला, लोकांच्या हिशेबी भोळसट मुलगा. केवढे काम आणि कोणाच्या हाती! पण नाथांना ग्रंथ आपल्याच हातून संपण्याची चिंता नव्हती. ग्रंथ पुरा व्हावा एवढेच होते. ज्याला हे साधले त्याला आजचे कामही जड जात नाही, उद्याचे भयही वाटत नाही आणि रात्री झोपही चांगली लागते.

राम कृष्ण हरि.